कोपरे कापलेल्या गोळ्या

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोची औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली आणि तिच्या प्रमाणपत्रावर सही करायला नकार दिला. आमची गाडी त्याच संध्याकाळी होती.

प्रमाणपत्राशिवाय तिला जाता येणार नव्हतं. आम्ही निघालो होतो ती हिमाचलमधली लांब पायी मोहीम नेणाऱ्यांचा नियम स्पष्ट होता. दमा असलेल्याने डॉक्टरांची सही आणि स्वतःची औषधं पायथ्याच्या तळावर दाखवायची, नाहीतर तिथूनच परत फिरायचं. तिला लहानपणापासून दमा आहे. माहेरी यंत्रमाग घराला लागूनच होते आणि सुताची धूळ स्वयंपाकघरापर्यंत यायची. शाळेच्या सहलींना तिला कधी पाठवलं नाही. चाळिशी उलटल्यावर तिने बर्फातली खिंड ओलांडायची ठरवलं तेव्हा घरात कोणी हसलं नाही, पण कोणाला खरंही वाटलं नाही.

तयारी जानेवारीत सुरू झाली. पाठीवर वजन घेऊन चालायची सवय हवी म्हणून तिने सॅकमध्ये वरून डोकावतील इतक्या चादरी भरल्या. पहाटे तळ्याभोवती फेऱ्या सुरू झाल्या. बाकावर बसणारे एक आजोबा रोज विचारायचे, "काय बाई, चादर केवढ्याला?" पहिल्या आठवड्यात ती वैतागली. मार्चमध्ये तिने उत्तर दिलं, "पाठीवर घेऊन चार फेऱ्या मारा, फुकट देते." एप्रिल संपेपर्यंत ती मला मागे टाकायला लागली होती.

तिचा धाकटा भाऊही येणार होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचं टॉवेलचं युनिट आहे. औषधं त्याने आणली आणि आणताना आपल्याकडे सगळेच करतात तेच केलं. दुकानदाराला म्हणाला, "चार-चार द्या." तापाच्या चार, जुलाबाच्या चार, सर्दीच्या चार, पित्ताच्या चार, उंचीवर डोकं दुखू नये म्हणून घ्यायच्या चार. दुकानदाराने प्रत्येक पट्टी कात्रीने कापून दिली. शनिवारी दुपारी बहीण-भाऊ पिशवी भरायला बसले. टॉवेलचीच शिवलेली छोटी पिशवी होती. पट्ट्यांचे कोपरे पिशवीला टोचत होते.

"अक्का, पिशवी फाटंल की गं," भाऊ म्हणाला.

त्याच्या युनिटमधून काठाला धागा लोंबत असलेला एकही टॉवेल बाहेर जात नाही. त्याने धागे कापायची कात्री काढली. तासाभरात एकेक गोळी वेष्टणासकट सुटी आणि गोल कापून झाली, काठ एकसारखे. वजन कमी झालं, पिशवीत जागा झाली. दोघांनी मला बोलावून दाखवलं. काम सुबक होतं. मीही तसं म्हणालो.

डॉक्टरांना ते सुबक वाटलं नाही. त्यांनी दोन पांढऱ्या गोळ्या वेगळ्या काढल्या.

"यातली तापाची कुठली?"

बायकोने एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली.

"नाव कुठंय? मुदतीची तारीख कुठंय?"

"कापली," ती म्हणाली.

"तंबूत, हात गारठलेले, डोकं ठणकतंय, तेव्हा कुठली घेणार? चिठ्ठ्या टाकणार?"

"डॉक्टर, काठ बगा की, किती साफ हाय," भाऊ म्हणाला.

"तुझा टॉवेल असता तर मी घेतला असता. ही मी उंदरालासुद्धा देणार नाही." त्यांनी सगळ्या गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. ओआरएसची पाकिटं ठेवली. घामोळ्याची पावडर बाजूला सारली. "बर्फात घामोळं येत नाही." मग बायकोकडे वळले. "अख्ख्या पट्ट्या आणा. दम्याचे पंप दोन. ते सॅकमध्ये नाही, अंगावर, आतल्या कपड्यांत. फार थंडीत नीट चालत नाहीत. बाराला मी करमाळ्याला निघणार आहे, लग्नाला. त्याच्या आधी आलात तर सही, नाहीतर नाही."

पावणेअकरा वाजले होते. आम्ही तिघे दोन गाड्यांवर निघालो. रविवार असल्याने नेहमीचं औषधाचं दुकान बंद होतं. चौकातलं उघडं होतं. दुकानदाराने सवयीने कात्री हातात घेतली.

"कात्री खाली ठेवा!" बायको ओरडली. काउंटरवरची दोन माणसं मागे सरकली. "अख्खी. सगळी अख्खी."

पंप मिळाले. उंचीची गोळी मिळाली नाही. "ती हितं कोण घेणार? सोलापुरात चढायला काय हाय?" दुकानदार म्हणाला. भावाला आठवलं, आधी त्याने ती डोळ्यांच्या दवाखान्याशेजारून आणली होती. डोळ्यातला दाब वाढला की तीच गोळी देतात. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. बायको वाकून आत गेली. तिच्या श्वासाचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"कुठल्या डोळ्याला त्रास आहे?" आतून प्रश्न आला.

"दोन्ही बरे आहेत. डोंगर चढायचाय."

"आत्ता?"

"आज संध्याकाळी गाडी आहे हो, द्या ना लवकर!"

ती पट्टी घेऊन बाहेर आली तेव्हा हसत होती. जिना चढून दवाखान्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टर बूट घालत होते. त्यांनी एकेक पट्टी उलटून नाव आणि तारीख वाचली. मग तिची छाती तपासली, पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. भावाने बोलायला तोंड उघडलं, मी त्याला हाताने थांबवलं.

"जिना पळत चढलात?"

"हो."

"पंप घेतला?"

"नाही."

"छाती साफ आहे," म्हणत डॉक्टरांनी सही केली आणि शिक्का मारला. गाडी संध्याकाळी आम्हा तिघांना घेऊन सुटली. पुढच्या आठवड्यात, उजाडल्यावर थोड्या वेळाने, ती खिंडीच्या माथ्यावर पोहोचली. तिचा भाऊ आणि मी तिच्यानंतर पोहोचलो.