कुत्रा हा पत्ता नाही

ट्रिमताई आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आली त्या दिवशी शहरातल्या सगळ्या टाक्यांची पातळी आपोआप खाली गेली, जिन्याखालच्या मांजरीनं ठरलेलं बाळंतपण पुढे ढकललं, आणि झोपेत सेवाज्येष्ठता मिळवलेले आमचे हेडक्लार्क डोळे उघडून खुर्चीत ताठ बसले. पहिल्या दोन गोष्टी मी शपथेवर सांगू शकणार नाही. तिसरी मात्र मी स्वतः पाहिली. इतकी वर्षं शेजारी बसूनही हेडक्लार्कांचे डोळे घारे आहेत हे मला त्याच दिवशी कळलं.

ती थेट माझ्या टेबलाशी आली. पाणीपुरवठ्याच्या या ऑफिसात मी तक्रारखिडकीवर बसतो. लोकांनी बाहेरून ओरडायचं आणि मी आतून मान हलवायची, असा तो हुद्दा. आतल्या बाजूनं येऊन ओरडायची पद्धत नव्हती. ती तिनं पाडली.

"तक्रारखिडकी तुम्हीच का?"

"हो. बसा ना."

"बसायला नाही आले. तुमच्या नावाच्या शेवटी डझनभर रिकाम्या जागा आहेत. कोणासाठी राखून ठेवल्यात?"

मी दचकून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"तिकडे नाही, कॉम्प्युटरमध्ये. नाव टाइप करून झाल्यावर स्पेसबारवर हात ठेवून झोपलात वाटतं. आणि पुढे 'श्री.' स्वतःच लावलंय. दुसऱ्या कुणी लावायची वाट तरी बघायची."

एवढं बोलून ती हेडक्लार्कांकडे वळली. त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले, पण उशीर झाला होता.

तिला आणण्याची पाळी साहेबांनी स्वतःवर ओढवून घेतली होती. शहरातल्या सगळ्या नळधारकांची यादी ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर होती. नावाचा एक रकाना, पत्त्याचा एक रकाना. ज्याच्या हाताला वेळ होता त्यानं ती भरली होती, आणि पत्त्याच्या रकान्यात ज्याची जशी प्रतिभा तसं लेखन केलं होतं. 'गिरणीच्या मागे, जिना पडका, जपून.' 'पूर्वी शिंपी राहायचा ते घर.' 'म्हातारी दार उघडत नाही, सुनेला हाक मारणे.' एकच घड्याळ चौक पाच प्रकारांनी लिहिला होता. कुठे 'घडयाळ', कुठे मधे दोन जागा सोडून, कुठे सुरुवातीलाच एक जागा सोडून. ती सुरुवातीची जागा डोळ्यांना दिसत नाही, पण कॉम्प्युटरला दिसते. त्यामुळे ते घर यादीच्या डोक्यावर जाऊन बसतं आणि आपण तळाशी शोधत राहतो. एकेका घराला तीन-तीन बिलं जायची, नाहीतर एकही नाही.

साहेबांना वाटलं, यात काय एवढं. त्यांनी स्वतः बसून एका फटक्यात 'वर' या शब्दाच्या जागी 'वरचा मजला' घालून टाकलं. दुसऱ्या दिवशी सरोवर मार्गावरच्या सगळ्या लोकांना 'सरोवरचा मजला मार्ग' या पत्त्यावर बिलं निघाली. एका सद्गृहस्थानं माझ्या खिडकीत येऊन शांतपणे विचारलं, "पाणी मजल्यापर्यंत चढलंय का हो?" त्या आठवड्यात साहेबांनी तिला तात्पुरती म्हणून घेतलं.

तिचं खरं नाव कुणी वापरत नसे. मजकुराच्या दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा छाटणारी एक आज्ञा असते, तिला ट्रिम म्हणतात. ती आज्ञा बाईच्या तोंडात दिवसभर असायची, आणि वृत्तीतही होती. आम्ही लोकांना नावं ठेवायचो आणि ती ती साफ करायची. 'श्री.', 'सौ.', 'मा.' उडवून वेगळ्या रकान्यात टाकले. दोन जागांची एक केली. पत्त्यात पहिला स्वल्पविराम कुठे आहे ते शोधून डावीकडचा भाग ठेवायचा, उजवीकडचा कापायचा. काही बदलायच्या आधी ती यादीची एक प्रत बाजूला काढून ठेवी, आणि त्या प्रतीकडे कुणी नुसतं पाहिलं तरी म्हणे, "हात मागे." आधी उशिरा आलेल्या शिपायाला, मग आलेल्या पाहुण्यांना, आणि एकदा साहेबांच्या सासऱ्यांना.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सगळे एकमेकांना पाण्यात पाहतात हे रीतीला धरून आहे. तिला मात्र सगळे मिळून पाहायचे. तीही कुणाला सोडायची नाही.

एवढ्या तडफेनं ती का काम करते हे मला एकदाच कळलं, तेही चुकून. कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये गेली म्हणून ती आणायला मला तिच्या घरी पाठवलं. भावाचं घर. स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या मधला जो बोळ, तीच हिची आणि वडिलांची खोली. दोन खाटा, आणि बाथरूमच्या दाराला टेकून वहिनींचं शिवणयंत्र. कुणी आत-बाहेर केलं की खाटेवरच्यांनी पाय वर घ्यायचे. मी असताना चारदा घेतले.

वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. शब्दाशब्दांत जागा सोडण्यासाठी कोरे खिळे घालण्यात बापाचं आयुष्य गेलं आणि ते काढण्यात मुलीचं चाललं होतं. ते मला हळूच म्हणाले, "तिचं तोंड जरा तिखट आहे. पण जुळणी चोख असते."

वहिनींनी यंत्र न थांबवता विचारलं, "तुमच्याकडे ही कायम कधी होणार? साहेब म्हणे बोललेत."

"यंत्र तुमचं, आवाज तुमचा, आणि पाय आम्ही वर घ्यायचे," ट्रिमताई म्हणाली. "वहिनी, होईन तेव्हा सांगेन. आधी तुमचा तो दोरा उचला, पायात येतोय."

साहेब खरोखरच बोलले होते. ऑफिसात ऑपरेटरचं एक पद कित्येक वर्षं मोकळं पडून होतं. यादी स्वच्छ झाली की त्या पदावर तिला कायम करायचं, आणि त्या पदासोबत पंपघरामागच्या दोन खोल्या मिळायच्या. दोन खोल्या, दोघांना. पाय खाली ठेवून बसता येईल अशा. तिला दुसरं काही नको होतं.

मीटर वाचणाऱ्यांमध्ये सर्वांत जुने ते मीटरमामा. बारीक अंग, जाड मिशी, आणि मुखात कायम एखादी जळती काडी असल्यासारखं बोलणं. साफ केलेली यादी हातात घेऊन ते पहिल्या दिवशी गेले आणि दुपारी लंगडत, पँटचा एक पाय कापलेला, असे ट्रिमताईच्या टेबलासमोर उभे राहिले.

"बाई, 'गोदाम गल्ली घर पाच' पुढे काय लिहिलेलं होतं?"

तिनं जुनी प्रत उघडून पाहिली. "'कुत्रा सोडलेला असतो.'"

"मग ते कुठे गेलं?"

"काढलं. स्वल्पविरामाच्या उजवीकडे होतं."

"तो माझ्या उजवीकडेच होता," मामा म्हणाले. "पोटरीच्या."

"मामा, कुत्रा हा पत्ता नाही. उद्या तो मेला तर घर हलणार आहे का?"

"उद्या मी मेलो तर?"

"तुम्ही तर पत्त्यात नव्हताच."

दोघांना साहेबांच्या खोलीत नेलं. साहेबांचा न्याय म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा कप चहा. बऱ्याच आरडाओरडीनंतर असं ठरलं की 'सूचना' असा एक नवा रकाना करायचा, त्यात एकच शब्द लिहायचा, आणि तो मामांनी घरोघर पाहून सांगायचा. 'चावतो', 'भुंकतो', 'नाही'. मामा लंगडत महिनाभर हिंडले आणि सांगत गेले, ती भरत गेली. शेवटच्या दिवशी ती रजेवर होती, म्हणून मामांनी स्वतःच टाइप केलं. तिच्या भावाच्या घरापुढे त्यांनी लिहिलं, 'चावते'.

दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस कामाचं सोंग आणून तिच्या मागे उभं होतं. ती त्या ओळीवर आली. थांबली. तिनं तो शब्द काढला नाही. शब्दाच्या मागे एक रिकामी जागा राहिली होती, तेवढी काढली, आणि पुढच्या ओळीवर गेली. मामा म्हणाले, "सुंभ जळेल, पीळ नाही जळायचा." पण म्हणताना मिशी हलत होती.

काम संपलं. बिलं एका घराला एक जाऊ लागली. माझ्या खिडकीवरची गर्दी आटली, आणि मोकळा बसलेला दिसतो म्हणून साहेबांनी मला जावक टपालाचंही काम दिलं. म्हणजे मीही तिच्यावर खार खाऊन होतो. तिनं मात्र पंपघरामागे जाऊन खोल्यांची मापं घेतली होती. खाटा कुठे बसतील ते तिनं मला कागदावर काढून दाखवलं आणि वर म्हणाली, "बघताय काय, तुम्हाला नाही बोलावणार."

त्या महिन्यात वरच्या कार्यालयाला जायचा मासिक तक्ता साहेबांनी नेहमीप्रमाणे दुसऱ्यावर ढकलला. या वेळी तिच्यावर. "ताई, तुमच्या कामाचा तक्ता तुम्हीच भरा. मी सही करतो." तक्त्यात खूप रकाने होते. कार्यालयाचं नाव, टाक्या किती, गळती किती. आणि एक रकाना होता, 'रिकाम्या जागा: सद्यःस्थिती व केलेली कार्यवाही'.

तिनं तो वाचला आणि तिचा चेहरा उजळला म्हणतात. एवढ्या मोठ्या कार्यालयानं आपल्या कामासाठी स्वतंत्र रकाना छापलाय, असं तिला वाटलं. तिनं सुबक अक्षरांत लिहिलं, 'सर्व रिकाम्या जागा शोधून काढून टाकल्या आहेत. आता एकही शिल्लक नाही. पुन्हा निर्माण होऊ नयेत यासाठी उपाययोजना केली आहे.'

साहेबांनी न वाचता सही केली. वाचून सही करायची प्रथा त्या खोलीत नव्हती.

दीड महिन्यानं वरून उत्तर आलं. कार्यालयानं स्वखुशीनं मोकळी पदं रद्द केल्याबद्दल वरिष्ठांनी समाधान व्यक्त केलं होतं, इतर कार्यालयांनी कित्ता गिरवावा असं सुचवलं होतं, आणि त्यानुसार ऑपरेटरचं पद कायमचं रद्द झाल्याचं कळवलं होतं.

साहेबांनी ते तिला वाचून दाखवलं. मी जावक वही घेऊन दारात उभा होतो.

"तक्त्यात रिकामी जागा म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"अहो, पद. नोकरीचं. न भरलेलं."

"मग पद लिहायचं ना."

"सगळीकडे असंच लिहितात हो, ताई."

"सगळीकडे चुकीचं लिहितात."

साहेबांनी खुलासा पाठवला. वरून उत्तर आलं की जागाच अस्तित्वात नसल्यानं ती भरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. साहेबांनी फोन केला. पलीकडच्या माणसानं आधी खूप वेळ हसून घेतलं, मग तेच सांगितलं. हेडक्लार्क म्हणाले की अशी चूक त्यांच्या अख्ख्या नोकरीत झाली नाही, आणि ते खरं होतं, कारण त्यांनी कधी तक्ता भरलाच नव्हता.

तिच्या शेवटच्या दिवशी मीटरमामांनी तिच्यासाठी चहा मागवला. कुणासाठी चहा मागवणं हे त्यांच्या चरित्रात बसत नव्हतं, त्यामुळे ते भिंतीकडे बघून बोलत होते.

"पी बाई. जाताना तरी गोड बोल."

"साखर कमी आहे," ट्रिमताई म्हणाली, आणि कप रिकामा केला.

पंपघरामागच्या दोन खोल्यांत आता बाद झालेले मीटर ठेवतात. ती औषधांच्या एका गोदामात लागली. बाटल्यांची नावं नीट करते. तिथंही तात्पुरतीच आहे.