जाड टाचांचं घराणं

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीखाली उकिडवा बसून कृष्णात धार काढायचा, ती थेट गिऱ्हाइकाच्या पेल्यात. त्याच्या दोन्ही टाचांमागच्या शिरा बोटाएवढ्या जाड होत्या. "ही आमच्या घराण्याची ताकद," असं तो विजार वर करून दाखवायचा. वडील आणि चुलताही तशाच टाचांचे, आणि दोघंही चाळिशीच्या आत छातीत कळ येऊन गेलेले. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं एकाही शहाण्याला सुचलं नाही. टाच दुखली की बकऱ्याच्या पायाचा रस्सा आणि वर साय घालून दूध! आम्हा कोल्हापूरकरांना कुठल्याही दुखण्यावर खाणंच सुचतं.

१९९७ साली धार काढून उठताना कृष्णातच्या टाचेची एक शीर कट्टकन तुटली. डॉक्टर दीप्ती कांबळेंनी प्लास्टर घातलं, पण त्यांची नजर दुसऱ्या, धडधाकट पायाच्या जाड शिरेवर गेली.

"वडील कशानं गेले?"

"हार्टनं. पर त्याचा टाचेशी काय संबंध? आन् रगात कशाला काढताय?"

"ही शीर म्हणजे रक्ताची नळी नव्हे, स्नायूची दोरी. तिच्यात चरबी साठलीय. तीच हृदयाच्या नळ्यांतही साठत असणार. हा रक्तातला दोष वडिलांकडून आलाय."

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल अफाट निघालं. वडील गेले ते वय गाठायला कृष्णातला दोनच वर्षं उरली होती. तो हबकलाच.

समाचाराला आलेले पाहुणे रश्श्याचे डबे घेऊन दारात उभे. बायको विठाबाईने वाट अडवली. "पावणं, माणूस बघून जावा. डबा तेवढा माघारी न्या." पुष्कळ जण रुसले. रुसेनात का!

कृष्णात रोज गोळी घेऊ लागला. साईचं दूध, मटण सुटलं. मुलगी तेजस्वीचंही रक्त तपासलं. ते चांगलं निघालं तेव्हा विठाबाई दवाखान्यातच ढसाढसा रडली. पाय बरा झाल्यावर तो पुन्हा म्हशीखाली बसला आणि कट्ट्यावर टवाळी सुरू झाली.

"काढणाराच दूध पीत न्हाय! पाणी घातलंयस काय रं?"

"डोळ्यांम्होरं काढतोय की! माझ्या रगातातच साय हाय, आनी वरनं कुठं वतू?"

वडिलांचं वय कधीच मागे पडलं. २००७ च्या दसऱ्याला त्यांच्या फोटोला हार घालताना विठाबाई थबकली.

"अवं, मामंजी तुमच्यापरास ल्हान दिसाय लागल्यात की!"

कृष्णातने फोटोतल्या काळ्याभोर मिशांकडे बघितलं. डोळे भरून आले, तरी स्वतःच्या पिकलेल्या मिशीला पीळ देत तो गरजला, "मग आता आबांनीच माझ्या पाया पडाय पायजे!"