रामघाटावर मी मोडलेलं लग्न

चहा आधी संपवून टाका, म्हणजे ऐकताना ठसका लागायचा नाही. रामघाटावर माझी जी शोभा झाली ती मी स्वतःच्या तोंडाने आजवर कुणाला सांगितलेली नाही. तशी गरजही पडली नाही म्हणा, आमच्या सौभाग्यवतींचं अख्ख्या नानाखेडा वस्तीला सांगून झालंय!

मी रेल्वेत तीस वर्षं टीसी होतो. डब्यात पाय ठेवला की बिनतिकीट कोण ते मला चेहऱ्यावरून कळायचं. रिटायर झाल्यावर वरच्या दोन खोल्या महाकालच्या दर्शनाला येणाऱ्यांना ॲपवरून द्यायला लागलो. तेव्हा आमची नीलिमा म्हणाली, "अहो, पाहुण्यांची नीट चौकशी करत जा."

"चौकशी कशाला? माझी नजर आहे ना!"

त्या नजरेनेच घात केला.

एके दिवशी जळगावहून दोघं आले. मुलगी पंचविशीची, मृणाल नावाची, गोड, हसरी. आणि सोबत साठीचे एक गृहस्थ, मिशांना ताजा कलप लावलेले! आधारकार्डं बघितली, तर आडनावं वेगळी. मुलगी त्यांना नुसतं "अण्णा" म्हणत होती. आता अण्णा काय, गावात कुणालाही म्हणतात.

"दोघांनी दोन खोल्या घेतल्यात की!" नीलिमा म्हणाली.

"तेच तर! लग्नाआधी लोकलाज पाळतायत."

"लग्न? कुणाचं?"

"तू बघच."

संध्याकाळी मी भाजी आणायला टॉवर चौकात गेलो, तर हे दोघं दुकानात. काळ्या मण्यांची पोत घेतली, हिरव्या बांगड्या घेतल्या, मुंडावळ्या घेतल्या. एवढ्यावर थांबले असते तर मी सोडून दिलं असतं हो! पण अण्णांनी जरीचा शेला काढला आणि आरशासमोर स्वतःच्या खांद्यावर टाकून बघितला. मी भाजी न घेताच घरी आलो.

गच्चीवर टाकी बघायला गेलो, तर मुलगी फोनवर बोलत होती. "आई, बाबांना अजिबात कळू देऊ नकोस. उद्या दहाला रामघाटावर उरकून टाकतो. एकदा हे लग्न लागलं की सुटले मी."

म्हणजे आईसुद्धा सामील! कुणाची तरी पोर, डोळ्यांदेखत विहिरीत ढकलली जातेय, आणि मी सकाळी त्यांना पोहे खाऊ घालणार? खाली येऊन नीलिमाला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं, बिचारीला धक्का बसला.

"तिलाच विचारून बघा ना सरळ," ती म्हणाली.

"तोंडावर कबूल कोण करतं? तीस वर्षांत एकानेही केलं नाही."

सकाळी ते दोघं निघून गेले. नीलिमाही काठापदराची साडी नेसून निघाली. म्हणे, भिशी आहे. सकाळी नऊला भिशी! पण माझं डोकं ठिकाणावर होतं कुठे? मी स्कूटर काढली आणि थेट रामघाट गाठला.

पायऱ्या उतरतोय तोच मंगलाष्टकं कानावर आली. मधे अंतरपाट धरलेला. एका बाजूला मृणाल, हिरव्या साडीत. दुसऱ्या बाजूला, तुम्हीच सांगा कोण? अण्णा! गुरुजींनी "सावधान" म्हणायला तोंड उघडलं आणि मी ओरडलो, "थांबा! हे लग्न होणार नाही!"

आणि धावत जाऊन अण्णांना असा धक्का दिला, की त्यांच्या हातातलं काहीतरी पायरीवर आपटलं. खळ्ळकन आवाज झाला.

बघतो तर मडकं. शेला गुंडाळलेलं, मुंडावळ्या बांधलेलं. तुकडे तुकडे झालेले.

"अरे बाबूजी, ये क्या कर दिया?" गुरुजी कपाळावर हात मारून म्हणाले. "दूल्हा ही फोड़ दिया आपने!"

अंतरपाटाचं एक टोक धरून कोण उभं होतं माहितीये? आमची नीलिमा! करवली होऊन!

"तू? तू इथे काय करतेस?"

"तुम्ही काय करताय ते आधी सांगा! तिच्या पत्रिकेत कडक मंगळ आहे. आधी मडक्याशी लग्न लावायचं, मडकं क्षिप्रा नदीत सोडायचं, की दोष गेला. मग आठ दिवसांनी खरं लग्न. तिचे बाबा विज्ञान शिकवतात, त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील, म्हणून आईने गुपचूप मामांबरोबर पाठवलंय."

"मामा?"

"सख्खा!" अण्णा ढोपर चोळत म्हणाले.

"मग मला काल का नाही सांगितलंस?"

"मृणालने शपथ घातली होती. आणि म्हटलं, बघू या तुमची नजर कुठवर जाते."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मुहूर्त संपायला बारा मिनिटं उरली होती, पुढचा मुहूर्त खऱ्या लग्नानंतरचा. मृणालचा चेहरा उतरला. "आई अन्नपाणी सोडेल हो काका," ती म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं, की तिथल्या तिथे क्षिप्रेत उडी मारावीशी वाटली. तिला काय वाटलं कोण जाणे, एकदम खुदकन हसली. "माझ्यासाठी एवढे धावत आलात! आता पुन्हा धावा. आणि नवरा चांगला बघून आणा."

धावलो! या वयात, चपला हातात घेऊन! घाटावर एक बाई मडकी घेऊन बसली होती. मी रांगेतून सगळ्यात गोल, गुटगुटीत, तेजस्वी मडकं उचललं.

"ठोक के देख लो, बाबूजी."

"ज़रूरत नहीं! हम शकल देख के पहचान लेते हैं!"

दोन मिनिटं शिल्लक असताना लग्न लागलं. अक्षता पडल्या, नीलिमाने डोळे पुसले, मलाही भरून आलं. नवरदेवात पाणी भरलं, गुरुजींनी त्याला मांडीवर घेतलं आणि ते पुढचा मंत्र म्हणायला लागले. म्हणता म्हणता थांबले. त्यांनी मांडीकडे पाहिलं. धोतर चिंब.

"यजमान," ते म्हणाले, "दूल्हा तो रिस रहा है!"

मृणाल एवढी हसली, एवढी हसली, की मामांना तिला धरून बसवावं लागलं. गळून अर्ध्या रिकाम्या झालेल्या नवरदेवाला घाईघाईने क्षिप्रेत सोडलं.

पंधरा दिवसांनी ॲपवर तिने पाच तारे दिले. खाली मजकूर होता, आणि तो नीलिमाने दारोदार वाचून दाखवलाय: "खोल्या स्वच्छ, पोहे फर्मास, काका फारच मायाळू. मात्र घरात लग्नाची मुलगी असेल, तर स्थळ बघायला काकांना पाठवू नये."