पाच वाजताची बारी

मास्तरांनी दारू सोडली, असे लोक म्हणतात तेव्हा मला हसू येते. मी कसली सोडतो! जानेफळच्या बाजूच्या एका खेड्याने ती माझ्याकडून सोडवून घेतली, आणि तीही दोनदा. आता वय झाले आहे, विसरायला होते. म्हणून ज्यांचे उपकार आहेत त्यांच्याविषयी लिहून ठेवतो. नावे लिहीत नाही. त्यातली बरीच माणसे आता नाहीत, आणि असती तरी नाव छापून आलेले त्यांना आवडले नसते.

मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षे झाली नव्हती. दारूबंदी होती, म्हणजे कागदावर होती. नाल्यापलीकडे मोहाची भट्टी लागायची आणि ती कुठे आहे हे एका फौजदाराला सोडून सगळ्यांना ठाऊक होते. शाळा पाच वाजता सुटे. घंटेचा आवाज विरायच्या आत माझे पाय नाल्याकडे वळलेले असत. पाचपर्यंत मी बरा माणूस होतो. पाढे, कविता, शुद्धलेखन, सगळे नीट चाले; पोरांवर कधी हात उगारला नाही. त्यामुळे मला वाटायचे की माझे काही फारसे बिघडलेले नाही.

बायकोला तसे वाटत नव्हते. ती उंद्री गावची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या पोरी माहेरी जातात तशी तीही सात वर्षांच्या मुलीला घेऊन गेली आणि शाळा उघडली तरी परतली नाही. सासऱ्यांचा निरोप आला: लेकीला आणि नातीला पाठवू, पण तुमच्या शब्दावर नाही, गाव सांगेल तेव्हा पाठवू. मला संताप आला. बायको माझी आणि परवानगी गावाची! त्या संतापात मी आणखी प्यालो. पिणाऱ्याला कारण लागतेच असे नाही, पण मिळाले तर तो ते वाया जाऊ देत नाही.

पावसाळ्यात एका संध्याकाळी मी नाल्यात पडलो. पाणी गुडघाभर होते, पण पालथ्या पडलेल्या माणसाला तेवढे पुरते. गावातल्या पिंजाऱ्याने मला बाहेर ओढले. हा मुसलमान गृहस्थ घरोघरच्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा, सगळे त्याला चाचा म्हणत. चौथीतल्या पोरांनी गुरे घरी नेताना हे सगळे पाहिले.

दुसऱ्या दिवशी चावडीवर माणसे जमली आणि माझी बदली करा असा अर्ज लिहायचे ठरले. गावात धड अर्ज लिहू शकणारा एकटा मीच होतो, त्यामुळे अर्ज रखडला. सरपंच म्हणाले, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तेव्हा बायकांच्या बाजूने एक मावशी उठली. पन्नाशीची विधवा, चार एकर स्वतः कसणारी, बोलायला फटकळ. तिचा एकुलता एक मुलगा दारूनेच गेला होता, हे सगळ्या गावाला माहीत होते. ती म्हणाली, "बदली करसान त दारू बी संगच जाईन. तिथच्या लोकायले काय लेकरं नाईत? मास्तर पाच वाजता जाते. मंग पाच वाजता त्याच्यापाशी कोनी बसत काऊन नाई?"

एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती. विहिरीच्या पाण्याची जशी बारी लागते, तशी माझी बारी लागली. आज या घरचे, उद्या त्या घरचे. शाळा सुटली की एकाने माझ्याकडे यायचे आणि जेवणवेळेपर्यंत बसायचे. नियम मावशीने घातले. आपापले काम घेऊन यायचे, म्हणजे मास्तराला ओशाळे वाटणार नाही. मास्तराच्या हातालाही काम द्यायचे. आणि उपदेश करायचा नाही. जो करील त्याची बारी बंद.

पहिला आठवडा मला नीट आठवत नाही. घाम, थरथर, अंगावर मुंग्या चालल्यासारखे व्हायचे. चाचा सरकीचा कापूस घेऊन आला आणि माझ्यासमोर ढीग टाकून त्याने मला सरकी वेगळी करायला बसवले. माझी बोटे एवढी थरथरत होती की एक सरकी धरता धरता दहा निसटत. चाचाने ते पाहिले. पुढच्या बारीला त्याने परत तेवढाच ढीग आणला. मावशी ताक-कण्या घेऊन यायची आणि मी संपवेपर्यंत हलायची नाही. एक शेतकरी अंबाडीची दोरी वळायला यायचा. त्याची बारी म्हणजे तो अर्ध्या तासात भिंतीला टेकून घोरू लागे आणि त्याला सोडून नाल्यावर जाणे मला जमत नसे. झोपलेल्या पाहुण्याला टाकून कसे जायचे?

सरपंचांची बारी तिसऱ्या दिवशीच बंद पडली. त्यांनी येताच गांधीजींपासून सुरुवात केली आणि माझ्या दिवंगत वडिलांपर्यंत येऊन पोचले. मावशी दारावरून जात होती, तिने ऐकले. गावचा सरपंच बारीतून बाद झाला. माणूस मनाचा वाईट नव्हता. पण सगळे गाव एक चांगले काम करते आहे आणि त्यात आपला हात नाही, हे त्यांना डाचत राहिले असावे.

दिवाळी गेली. माझ्या हातून सरकी निसटेनाशी झाली. फळ्यावरचे अक्षर सुधारले. कुणी काही बोलत नसे, पण संध्याकाळी मी अंगणात बाज टाकून वाट पाहू लागलो होतो की आज कोण येणार. एवढे लाड तर मी लहान असतानाही कुणी केले नव्हते. मी त्यांचा कोण होतो? परगावचा, पगारी, वर दारुडा. आजही हे लिहिताना मन भरून येते.

आणि मग गावाने चूक केली. आपल्याकडे माणूस जरा नीट चालू लागला की लोकांना त्याचा सत्कार करावासा वाटतो. सरपंचांच्या डोक्यात आले की सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मास्तरांचा सत्कार करायचा, उंद्रीहून सासऱ्यांना, बायकोला, मुलीला बोलवायचे आणि सगळ्यांसमोर गावाचा शब्द द्यायचा. सगळ्यांनाच ते पटले. मावशीलाही पटले, मलाही. बायको परत येणार म्हटल्यावर मी शाल पांघरायलाच काय, गाढवावर बसायलाही तयार होतो.

सरपंचांनी आपली बैलांची दमणी पाठवून तिघांना आणले. टेबल, चादर, नारळ, शाल, हार, सगळे यथासांग झाले. सहा महिने तुंबलेला उपदेश त्या दिवशी मोकळा झाला. मास्तर कुठे पडले होते, कुठल्या अंगावर पडले होते, तोंडात किती चिखल गेला होता, कपड्यांची काय दशा होती, सगळे सविस्तर सांगून सरपंच म्हणाले की असा माणूस आज आपण उभा केला आहे, वाजवा टाळ्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या तरटावर माझी मुलगी बसली होती. सगळी पोरे वाजवतात म्हणून तीही माझ्याकडे बघत वाजवत होती. बायको पायांकडे बघत होती.

शेवटी सरपंचांनी जाहीर केले की मास्तर आता पूर्ण बरे झाले, आजपासून बारी बंद.

जेवण सरपंचांकडे होते. दुपार टळल्यावर मी जरा पडतो म्हणून खोलीवर आलो. पाच वाजले. त्या दिवशी शाळेची घंटा नव्हती, तरी मला कळले की पाच वाजले. कुणी आले नाही. चाचा पुढच्या गावी कापूस पिंजायला गेला होता. मावशी सरपंचांच्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती, माझ्याच सासरच्या माणसांसाठी. मी अंगणात येऊन रस्त्याकडे पाहिले, पुन्हा आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. कानात त्या टाळ्या होत्या. मग खांद्यावर शाल होती तशीच घेऊन मी नाल्याकडे चालू लागलो.

दिवेलागणीला मला दोघांनी धरून आणले. बायको दारात उभी होती. सकाळी तिघे परत उंद्रीला गेले, आणि सासऱ्यांनी जाताना सरपंचांना एवढेच सांगितले की गावाच्या शब्दाची किंमत कळली.

त्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. कडी लावून पडून राहिलो. संपले असे मनाशी पक्के केले होते; बायको गेली, आता गाव बदलीचा अर्ज कुणाकडून तरी लिहून घेईल. पाच वाजता दार वाजले. उघडतो तो मावशी, हातात निवडायच्या तुरींनी भरलेले सूप. ती आत येऊन नेहमीच्या जागी बसली. मी लाजेने भिंतीकडे तोंड केले. तेव्हा ती म्हणाली, "बारी चुकली ते आमचं. तुमी पेले ते तुमचं. दोनी येगळं ठेवा. माह्या पोराले बी मी असंच बरा झाला म्हनून सोडून देलं होतं. घ्या, तुरी निवडू लागा."

मी तुरी निवडू लागलो. दुसऱ्या दिवशी चाचा आला, त्याने सरकीचा ढीग टाकला. तिसऱ्या दिवशी तो दोरीवाला येऊन घोरला. झाल्या प्रकाराबद्दल गावात कुणी माझ्यासमोर एक अक्षर काढले नाही, आणि ते गाव असे होते की कुणाच्या कोंबडीने अंडे दिले तरी संध्याकाळपर्यंत चर्चा चाले. सरपंचही एकदा आले. दाराशी उभे राहून म्हणाले, मावशी, मी बसू का, बोलणार नाही. ती म्हणाली, बसा. ते दोन तास खरोखर गप्प बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना किती जड जात होते ते कळत होते. त्या बसण्याबद्दल मी त्यांचे सगळे भाषण माफ केले.

होळी आली. धुळवडीला गावात कोण शुद्धीवर असते? त्या दिवशी माझ्याकडे चाचा आणि मावशी दोघे सकाळपासून बसले. ती निभावली तेव्हा मावशी मला न सांगता चाचाला घेऊन उंद्रीला गेली. तिथे काय झाले ते चाचाने मला नंतर सांगितले. सासरे म्हणाले, आता कोणता शब्द घेऊन आलात? मावशी म्हणाली, "मास्तर पिनार नाई, असा शब्द मी देत नाई. एकडाव देऊन पाह्यला. पाच वाजता त्याच्यापाशी कोनीतरी बसेल राहीन, एवढाच शब्द हाय. पटत असन त पोरीले धाडा." बायकोने आतून विचारले की रोज का? चाचा म्हणाला, रोज. तिने विचारले की किती दिवस? चाचा म्हणाला की जब तक कापूस पिकता है.

चैत्रात ती आली. एसटीच्या मोटारीतून उतरली, एक पेटी, एक मुलगी. कुणी हार आणला नाही, कुणी ओवाळले नाही, कुणी घरात डोकावले नाही. जणू ती विहिरीवरून पाणी घेऊन परतली आहे, इतक्या सहजपणे गाव वागले. घर झाडून झाले, चूल पेटली. माझ्याशी ती कामापुरते बोलत होती. आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाची मला नाल्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

पाच वाजता मावशी सूप घेऊन आली. बायकोने पुढे होऊन पाट दिला आणि ती म्हणाली की आता मी आहे ना घरी, तुम्हाला कशाला रोजचा त्रास. मावशी पाटावर बसली.

"तू बायको हायस त्याची," ती म्हणाली. "तुले त्याचा राग याले पाह्यजे. ज्याले राग येते, त्यानं बारी करू नाई. तू रागाव. बसाले आमी हाओ."

बायको हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली. मग तिने तो खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. आठ वर्षांचे बोलली. मी प्यालेला असताना सांगून उपयोग नसायचा, आणि उतरल्यावर मी तोंड चुकवून निघून जायचो, म्हणून जे जे गिळले होते ते सगळे. मुलीच्या टाळ्यांबद्दलही बोलली. माझे पाय सवयीने दाराकडे वळले, मी अर्धा उठलोही. मावशीने मान वर न करता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी खाली बसलो. अंधार पडेपर्यंत बायको बोलत होती, मावशी तुरी निवडत होती, आणि संसारात पहिल्यांदा मी बायकोचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले.