बुटक्यांचं दळण

गिरणीत काम करणाऱ्याच्या भुवया कायम पांढऱ्या असतात. रोज झटकायच्या, रोज पीठ परत बसतं. आमच्या चौघांचे किस्सेही असेच बसत गेले, मुद्दाम कुणी गोळा केले नाहीत. मी नववीत शाळा सोडली आणि पंचवटीत गिरणीवर लागलो. दिवसभरात तोंडातून एकच वाक्य निघतं, "जाड की बारीक?" दुपारी एक ते चार गिरणी बंद असते. तेवढ्यात जीव रमवावा म्हणून कॉम्प्युटरवर गेम उघडला, तर त्यातही जातं निघालं!

चौघं कोण ते आधी सांगतो. तुषारचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत जुना कॉम्प्युटर. बापू येवल्याचा. घरी पैठणीचा माग, पण हा नाशिक रोडला कुरियरमध्ये, दुपारची पार्सलं टाकून यायचा. तिसरा मी. चौथा किरण, आमच्यातला हुशार. आयटीआय झालेला, इंग्रजी वाचणारा. कारखान्यात प्रेस मशीनखाली त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

त्यानंतर दोन महिने तो घराबाहेर पडला नाही. जेवणही जवळजवळ सोडलं. गळ्याखालचं हाड वर आलं. गेम एका हाताने, नुसत्या माऊसवर खेळता येतो, असं सांगून आम्ही त्याला बाहेर काढला. गेम हे निमित्त होतं. त्याने आमच्यात बसून चार घास खावेत, एवढंच आम्हाला पाहिजे होतं.

गेम असा: डोंगरात सात बुटकी माणसं येतात, दाढीवाली. त्यांच्याकडून खोदकाम, शेती, दळण, स्वयंपाक करवून घ्यायचा आणि वस्ती जगवायची. कुणी जगलं तर!

*

पहिल्या वस्तीत गुहेतला गहू भरपूर पिकला. जातंही बसवलं. पण फिरेना.

किरणने स्क्रीनवरचं वाचलं. "रिकामी पिशवी पाहिजे म्हणतंय. पिशवी असल्याशिवाय दळणार नाही."

"संद्या, तू गिरणीवाला," तुषार म्हणाला. "सांग याला."

मी म्हटलं, "डबा चालतो का विचार."

डबा गेममध्ये नव्हताच. पिशवी शिवायला कापड पाहिजे, आणि माग बापूच्या ताब्यात. त्याने सगळ्या कापडाचे अंगरखे केले होते. एकेकाला दोन दोन!

"माणसं उघडी फिरत्यात," बापू म्हणाला. "आधी अंगावर नको का? मागावरचं कापड काय पिशव्यांना फाडायचं?"

त्याला हे पटवेपर्यंत सूत संपलं. सातही जण गव्हाच्या राशीशेजारी उपाशी मेले. किरणने सात वेळा तेच वाक्य वाचून दाखवलं, नाव तेवढं बदलून.

तुषारने स्क्रीनजवळ तोंड नेलं. मग म्हणाला, "काही म्हण बापू, मयताला बरे दिसतायत!"

किरण हसला नाही. त्याच्यापुढचा समोसा कागदात तसाच गार झाला.

*

दुसऱ्या वस्तीत आम्ही शहाणे झालो. आधी पिशव्या, मग बाकी सगळं. साठ पिशव्या पीठ निघालं. माझी छाती फुगली. आणि तरीही माणसं मरायला लागली!

तुषार स्क्रीनवर ओरडायला लागला, "अरे पीठ आहे की समोर! चाटा!"

गेमच्या हिशोबाने पीठ म्हणजे अन्न नाही. कुणीतरी चुलीपुढे बसून त्याचं काही केलं, तरच ते अन्न. गेमचं बरोबर होतं. आपल्याकडे तरी कोण नुसतं पीठ खातं? स्वयंपाक येणारा एकच बुटका होता. त्याला तुषारने हातात भाला देऊन दारावर उभा केला होता. एक रानटी जनावर आलं आणि स्वयंपाक संपला.

"शेवटचा कुठे मेला?" बापूने विचारलं.

"पिठाच्या गोदामात," किरण म्हणाला. "पिशवी उचलून नेत होता."

"कुठं?"

"दुसऱ्या गोदामात."

*

हा किस्सा गेममधला नाही, गिरणीतला आहे.

कोणत्या घरात कोण जेवत नाही, हे डॉक्टरच्या आधी गिरणीला कळतं. किरणची आई भाजीबाजारात मेथी-कोथिंबीर विकते. घरात ती दोघंच. तिचा पाच किलोचा डबा दर सोमवारी यायचा. हात गेल्यानंतर तो पंधरा दिवसांनी यायला लागला. मग पंधरा दिवसांनी, तोही अर्धाच.

एकदा डबा काट्यावर ठेवून ती म्हणाली, "संदीप, तुमच्यात तरी खातो का रे काही? घरी ताट घेऊन आत जातो अन् दार लावून घेतो. मी भरवते म्हटलं की अंगावर येतो. ताट निम्मंशिम्मं तसंच परत येतं."

आम्हाला वाटायचं, डाव्या हाताची लाज असणार. लहानपणी डावा हात ताटात गेला की चापट बसते, ती काही विसरत नाही. पण हे तिला कसं सांगायचं? मला खोटं बोलता येत नाही. खरं म्हणजे बोलताच येत नाही. तरी तोंडातून निघालं, "हो मावशी. दोन समोसे खाल्ले काल."

"दोन?" तिचा चेहरा एकदम उजळला. मग परत उतरला. "मग घरीच का नाय खात? माझ्या हाताला चव नाय राह्यली का?"

ती माझ्याकडे बघत उभी. मागे दोन बायका डबे घेऊन खोळंबलेल्या.

मी विचारलं, "जाड की बारीक?"

*

तिसरी वस्ती चांगली मोठी झाली. पन्नासएक माणसं. आम्ही त्यांना आमची नावं दिली. 'किरण' जात्यावर, 'बापू' मागावर, 'तुषार' सरपंच. 'संदीप'ला मी कोंबड्यांकडे लावला. तिथे बोलावं लागत नाही.

तुषारला पाण्यावर चालणारी मोठी गिरणी पाहिजे होती. "संद्या, तुमच्या गिरणीला किती हॉर्सपॉवरची मोटर आहे?"

"दहा."

"मग अख्खी नदीच फोडतो!"

फोडली. पाणी गिरणीत आलं, गिरणीतून गोदामात, गोदामातून जेवणाच्या खोलीत. बारा माणसं गेली. 'संदीप' कोंबड्यांसकट गेला. पिठाच्या पिशव्या तरंगायला लागल्या.

"तुषार, कणीक भिजली रे!" बापू ओरडला.

"कणीक कसली," किरण म्हणाला. "पेज झालीये. बारा माणसं घालून."

आम्ही इतके हसलो की पुढच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. हसता हसता किरणने कागदातली शेव चिमटीत उचलली. डाव्या हाताने. आम्ही तिघंही हसायचं थांबून बघायला लागलो.

त्याने शेव परत कागदात ठेवली.

न बघायला काय झालं होतं? पण आम्ही बघितलं.

*

एक दिवस खालच्या गुहेतून एक राक्षस वर आला. तो मेला, पण जाता जाता 'किरण'चा उजवा हात तोडून गेला. या गेममध्ये कुणाला कुठे लागलं हे अवयव सांगून लिहितात. स्क्रीनवर आलं, उजवा हात नाही.



बापू हळूच म्हणाला, "सेव्ह हाय ना कालचा? तो उघडू."

"राहू दे," किरण म्हणाला.

'किरण' तीन दिवस खाटेवर पडून होता. कुणीतरी त्याला पाणी आणून द्यायचं. चौथ्या दिवशी तो उठला, रिकामी पिशवी घेतली आणि जात्यावर जाऊन बसला. दळायला लागला. गेमला त्यात काही विशेष वाटलं नाही. कामाच्या यादीत त्याच्या नावापुढे खूण तशीच होती.

किरणने माऊसचा बाण त्या खुणेवर नेला. मग म्हणाला, "याचं नाव यादीत आहे."

बाण तिथेच ठेवून तो पुढे बोलायला लागला.

"ठेकेदार म्हणाला, माझं नाव त्या दिवशी हजेरीतच नव्हतं. कारखान्यातल्या साहेबांनी वही उघडून दाखवली. खरंच नव्हतं! मी म्हटलं, साहेब, मग मशीनमध्ये हात कुणाचा सापडला?"

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, चौकशी चालू आहे."

*

तुषार मनाने वाईट नाही. तोंडाला मात्र झाकण नाही.

वस्तीत सगळे बुटके लांब टेबलावर एकत्र जेवायचे. हात गेल्यावर 'किरण' ताट उचलायचा आणि त्याच्या खोलीत जाऊन एकटा खायचा. का, ते गेमलाच माहीत. आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, पण कुणी बोललं नव्हतं.

तुषार बोलला. "बघ, बघ! हा पण आत जाऊन खातो!"

बापूने टेबलाखालून लाथ मारली, पण शब्द निघून गेला होता. किरण उठला. माऊस सरळ करून ठेवला, चप्पल घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात आला नाही. त्याहून वाईट म्हणजे, गिरणीत डबाही येईना. सलग तीन सोमवार मी काट्यापाशी वाट बघितली.

"तुझ्या तोंडाला टाके घालायला पायजे," बापू तुषारला म्हणाला.

तुषार माफी मागायला त्यांच्या घरी गेला. आतलं दार उघडलं नाही. मग तो ओट्यावर बसून मावशींच्या फोनची फुटलेली काच बदलून परत आला. त्याला माफी मागायची तेवढी एकच रीत येते.

*

किरणशिवाय आम्ही तिघांनी वस्ती चालवायचा प्रयत्न केला. इंग्रजी कुणालाच नीट वाचता येईना. फौज चालून आली तेव्हा दार लावायचं बटण समजून बापूने पूल खाली पाडला. अर्ध्या तासात सगळं संपलं. राहिला एकच.

हे किरणला सांगायला पाहिजे, यावर आमचं एकमत झालं. कोण सांगणार, यावर होईना. शेवटी तुषार म्हणाला, "संद्याला पाठव. हा कधी बोलत नाही, म्हणजे बोलला तर ऐकतील."

गिरणी बंद करून दुपारी निघालो. रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो. मावशी गॅसपुढे बसली होती, तवा तापलेला.

"आत्ताच ताट घेऊन आत गेलाय," ती हळूच म्हणाली. "दार वाजवू नको बाबा."

मी दारासमोर उभा राहिलो. आतून फरशीवर स्टीलचं ताट सरकल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. मग ताट भिंतीला आपटलं.

जुळवलेली वाक्यं सगळी गेली. मी दाराला म्हटलं, "किरण, वस्ती गेली."



"सगळे?" आतून आवाज आला.

"एक राहिलाय. तू. म्हणजे तो, जात्यावरचा."

"काय करतोय?"

"दळतोय. चाळीस पिशव्या झाल्या."

"कुणासाठी?"

दाराला माझ्या हाताचं पीठ लागलं होतं, ते मी पुसायला लागलो.

"जेवतोय का तो?"

"स्वयंपाकी मेला," मी म्हटलं. "नुसतं पीठ आहे."

मागे मावशीच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती. तव्यावर धूर निघायला लागला, तरी ती हलली नाही.

कडी निघाली. दार अर्धं उघडलं.

"ये," किरण म्हणाला. "दार लावून घे."

ताट लांब कोपऱ्यात भिंतीला जाऊन टेकलं होतं. त्यात बाजरीची भाकरी अख्खीच्या अख्खी, एक कड तेवढी कुस्करलेली. कालवण फरशीवर सांडलं होतं. त्याने पायाने ताट पुढे ओढलं, खाली बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "धर."

मी समोर बसलो. दोन्ही हातांनी ताट धरलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो. भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग चावल्याचा. मग परत मोडल्याचा. मी कॅलेंडरवरच्या सगळ्या एकादश्या वाचून काढल्या. माझ्या हातातलं ताट फरशीवर खडखडायला लागलं.

तोंडात घास तसाच ठेवून किरण म्हणाला, "संद्या, ताट धरलंयस का चाळणी?"