मामांची एकच सही

त्या रविवारी मामा येणार होते ते जेवायला नाही, सही करायला. जेवण आपलं निमित्त. माझ्या धाकट्या बहिणीला नागपूरला पत्रकारितेला प्रवेश मिळाला होता, फी भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि शैक्षणिक कर्जाच्या फॉर्मवर बँकेला पगारदार माणूस हवा होता. आमच्या अख्ख्या खानदानात पगारदार माणूस एकच, भंडाऱ्याचे मामा. वडील आम्ही लहान असतानाच गेले. तेव्हापासून शाळा असो की दवाखाना, जिथं सही लागेल तिथं मामांचीच.

माझ्याही कर्जावर त्यांचीच सही आहे. तेच कॉलेज, तोच कोर्स. मी शिकले, पदवी घेतली, पेढे वाटले, आणि तुमसरला एका पेपरची तालुका प्रतिनिधी झाले. प्रतिनिधी म्हटलं की लोकांना वाटतं, पगार असेल. कसला पगार अन् कसलं काय! गळ्यात घालायला कार्ड मिळतं, आणि जाहिरात आणली तर तिच्यावर कमिशन. पंधरा ऑगस्ट, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, हीच आमची सुगी. बातमीचे पैसे शून्य. महिन्याला कधी चार हजार पडतात, कधी दोन, आणि एखाद्या मिलवाल्यानं जाहिरातीचं बिल लटकवलं की तेही नाही. बँकेचा हप्ता साडेपाच हजारांचा, तो मात्र कधी लटकत नाही. म्हणून मी सकाळी पोरांच्या शिकवण्या घेते. तरी कमी पडलं तर आई धानाच्या रोवणीच्या मजुरीतून भर घालते. हे शेवटचं मामांना माहीत नव्हतं. आईनंच सांगू दिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझे लागोपाठ काही हप्ते चुकले. नेमकं त्याच सुमारास मामा घरासाठी कर्ज मागायला गेले, तर बँकेतला माणूस म्हणाला, तुमचं सिबिल खराब आहे. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. मामींनी मात्र माझ्याशी बोलणंच कमी केलं. का नाही करणार? लग्न झाल्यापासून भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलेल्या बाईचं घर माझ्या पदवीनं अडवलं होतं. आता कुठं गाडी रुळावर आली होती. पण मामांच्या पगारात आणखी एकच कर्ज बसत होतं. मामींचं घर, नाहीतर माझी बहीण.

सकाळी बोरिंगवर पाणी भरताना बहिणीनं मला गाठलं.

"ताई, मामीनं पगार विचारला त पंधरा हजार सांगजो."

"पंधरा? कोणाच्या बापानं देल्ले?"

"थोडं वाढवून सांगितल्यानं काय होते वो? नोकरी लागली का पहिले मीच फेडीन."

"मीबी हेच म्हटलं होतं."

"तू तुमसरातच बसून रायली. मी नाही बसणार."

असं लागलं ते मला! कानाखाली वाजवावी वाटली. मी हापशाचा दांडा असा काही मारायला लागले की कळशी भरून वाहायला लागली. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून जास्त लागलं. नागपूर-पुण्याकडं जायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि आईला एकटी टाकून जाणार तरी कशी, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता मलाच ते खरं वाटत होतं.

तुमसरहून नाकाडोंगरीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. मामा-मामी अकराच्या बसनं उतरले. येताना मामींनी बाजारातून वास्ते आणले होते, बांबूचे कोवळे कोंब. आमच्याकडं पावसाळ्यात वास्त्यांच्या भाजीवर जीव टाकतात. आईनं त्या दिवसाची रोवणीची मजुरी बुडवली होती. मामांच्या खिशाला पेन होतं आणि थैलीत फॉर्म. बहीण सारखी त्या थैलीकडं बघत होती, आणि मी बहिणीकडं बघायचं टाळत होते.

जेवायला बसलो. पहिला भात संपेपर्यंत पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग मामींनी हात थांबवला आणि सरळ माझ्याकडं पाहिलं.

"आता तूच सांग. मामाले नको विचारू, ते त कोणीबी मागितली का सही देतेत. तू शिकली, तू भोगून रायली. पोरीले धाडाचं का?"

आईचा वाढता हात तसाच राहिला. बहीण पाण्याचा गडवा धरून उभी होती, आणि तिचे डोळे मला सांगत होते, पंधरा, पंधरा. मी ठरवून बसले होते की गोलमोल बोलायचं, पाहू, करू, असं काहीतरी. पण मामींनी माझ्याशी दोन वर्षांत एवढं लांब वाक्य उच्चारलं नव्हतं. त्यांना काय थापा मारायच्या?

"मले पगार नाही, मामी," मी म्हणाले. "जे भेटते ते हप्त्याले पुरत नाही. आई मजुरीतून भरते कधी कधी. सही नका देऊ. घर बांधा तुम्ही."

"अवो, हे सारं कायले सांगतं!" आई ओरडलीच. मग पदर तोंडाला लावून खाली बघत बसली. मामा आईकडं बघत राहिले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. बहिणीनं गडवा असा आदळला की पाणी माझ्या ताटात उडालं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पेपरच्या ऑफिसातून होता. जवळच्या एका गावात तलावाची पाळ फुटली होती, पाणी शेतांत, धानाच्या बांध्यांत शिरलं होतं, फोटो पाहिजे होते. मी ताटातच हात धुतला आणि उठले. किती बांध्या गेल्या, माणसं सुखरूप आहेत ना, पाळ आधीपासून खचत होती का, गावानं अर्ज दिला होता का, दिला तर तो कुणी दाबला? बोलता बोलता मी चप्पल घातली, पिशवी घेतली, गाडीची चावी शोधली. लोकांची रोवणी वाहून गेली होती, त्याचं मला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पण सकाळपासून मेल्यासारखी बसलेली मी त्या फोननं जिवंत झाले, हेही तितकंच खरं.

दारात बहीण आडवी आली. हळूच म्हणाली, "खरं सांगितलं म्हणतं का तू? अर्धंच सांगितलं."

मी तिला बाजूला सारून अंगणात गेले. गाडीपर्यंत गेले. मग मुकाट्यानं परत आले आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"मामी, एक सांगाचं रायलं. मले कोणी पुन्हा विचारलं ना, त मी पुन्हा हेच शिकीन."

मामींनी मान वर केली नाही.

"मालूम आहे मले," त्या म्हणाल्या. "आता फोनवर तुहं तोंड पायलं ना मी. म्हणूनच त भेव लागते, बाई. पोट भरत नाही अन् सुटतबी नाही, असल्या कामाले मी दुसरी पोरगी नाही देत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. मामांनी थैलीतून फॉर्म काढला, एकदा बहिणीकडं पाहिलं, आणि घडी घालून परत ठेवला. पेन खिशालाच राहिलं.

मी अंगणात येऊन गाडी स्टँडवरून काढली. किक मारणार, तोच मागचं सीट दबलं. बहीण ओढणीनं तोंड बांधून बसली होती, डोळे तेवढे दिसत होते, लाल.

"फोटो मी काढीन," ती म्हणाली. "तू गाडी चालव."

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात अजून खरकटाच. उतर म्हणायला पाहिजे होतं मी. ओठांवर होतं, आईशपथ. बहिणीनं मागून हात पुढं केला.

"मोबाइल दे."

मी दिला.