शकुताईंचं पान

नाहूरच्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात शकुताई राहतात. वय चौसष्ट. तीस वर्षं त्यांनी घरीच कॉम्प्युटरवर टायपिंग केलं. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, दहाव्याचे निरोप. ‘अर्ध्या मुलुंडची लग्नं माझ्या बोटांखालून गेलीत,’ असं सांगायच्या. स्वतः मात्र लग्न केलं नाही. भाऊ अनिरुद्ध सोबतीला होता, तो गेल्या वर्षी वारला. पत्रिका आता लोक मोबाइलवरच बनवतात, त्यामुळे त्यांची बेल वाजवणारा एक दूधवाला काय तो उरला.

सोसायटीला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. संपादक मी, कारण फुकटचा मान घ्यायची खोड. शकुताईंनी अनिरुद्धवर एक पान लिहून पाठवलं, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट ना माझ्या लॅपटॉपवर, ना छापखान्यात. फॉन्ट सापडला नाही की कॉम्प्युटर गुपचूप दुसरा लावून मोकळा होतो. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची नुसती खिचडी! ती मला दिसली होती. छापखानेवाले करतील नीट, म्हणून मी फाइल पुढे ढकलली, आणि प्रूफ आलं तेव्हा न उघडताच ‘छापा’ म्हणून कळवलं. अठ्ठेचाळीस घरांत खिचडीच गेली.

पंधरा दिवस मी त्यांना तोंड चुकवत होतो. मग माझी मलाच लाज वाटली. एका संध्याकाळी स्मरणिका घेऊन बेल वाजवली.

“आलात! बसा, चहा टाकते.” टेबलावर सहा कपबशा पुसून मांडलेल्या होत्या.

मी पान उघडून पुढे धरलं. “शकुताई, माझ्यामुळे वाट लागली हो तुमच्या पानाची. तुम्ही पाहिलं नाहीत?”

“छापून आलेलं मी कधीच उघडत नाही. आधी चूकच दिसते.”

त्यांनी चष्मा लावला आणि ती खिचडी घडाघडा वाचायला लागल्या. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर, हे तीस वर्षांत पाठ झालेलं. वाचताना बोटं टेबलावर चालत होती. अनिरुद्धची चिडचिड, त्याचं शब्दकोड्याचं वेड, दोघांचा संध्याकाळी सातचा चहा. मग शेवटची ओळ. ‘सातचा चहा आता एकटीला जात नाही. कुणीही या, मी घरीच असते.’

त्या थांबल्या. “म्हणजे हे कुणाला वाचताच आलं नाही?”

“नाही.”

“बरं झालं बाई.” त्यांनी डोळे पुसले. “मला वाटलं, वाचूनसुद्धा कुणी आलं नाही. वाचलं असतं, तर आले असते ना?”

“आले असते,” मी म्हणालो.

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी अकरा वर्षं समोरच राहतोय, आणि त्या घरातला तो माझा पहिला चहा होता.